पाहुणे कसले, घरचेच!

जिमी स्टर हा अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला, फ्लॉरिडा नावाच्या छोट्या गावचा, पोल्का या युरोपातून आलेल्या नाचाच्या संगीताचा वादक. १९९७ साली त्याच्या वाद्यवृंदाचा ‘लिव्हिंग ऑन पोल्का टाइम’ हा अल्बम आला. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ॲकॉर्डियन, ड्रम असा सरंजाम नेहमीचाच होता, पण सोबतीला दोन पाहुणे होते. एक बिल अँडरसन, नॅशविलचा मुरलेला गायक-गीतकार, कंट्री या अमेरिकन ग्रामीण वळणाच्या संगीतातला. दुसरा फ्लाको हिमेनेझ, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा मेक्सिकन वंशाचा ॲकॉर्डियन-वादक; ज्याला ढोबळपणे टेक्स-मेक्स म्हणतात त्या संगीतातलं फार मोठं नाव. त्याच्या आदल्याच वर्षी स्टरने विली नेल्सन या कंट्री गायकाला बोलावून एक अल्बम केला होता. दोन्ही अल्बमना पोल्का विभागातलं ग्रॅमी मिळालं.

अशा अल्बमांकडे पाहून नाक मुरडणारे लोक दोन प्रकारचे. पहिले म्हणतात, लग्नाच्या मांडवात, चर्चच्या आवारात, पोलिश आणि झेक वस्त्यांमधल्या हॉलमध्ये वाढलेलं हे संगीत. त्यात बाहेरचे आवाज मिसळले की ते पातळ होतं. दुसरे म्हणतात, ही सगळी पुरस्काराची बेगमी. नामवंत पाहुणा आणला की मतं पडतात. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याकडे मी येणार आहे. पहिला आक्षेप मात्र मला मुळातच चुकीचा वाटतो. तो नुसता चुकीचा असता तर सोडून दिला असता. पण परंपरेच्या नावाने असे निवाडे सर्रास होतात आणि त्यात परंपरेचंच नुकसान होतं, म्हणून त्याच्या मुळाशी जायला हवं.

पोल्का जन्मला बोहेमियात, म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकात, १८३० च्या दशकात. दोन मात्रांचा उड्या घेणारा ताल, जोडीने करायचा नाच. प्राग, मग व्हिएन्ना, आणि १८४४ मध्ये तर अख्ख्या पॅरिसला त्याने वेड लावलं. तिथून तो जिथे जिथे युरोपीय माणूस गेला तिथे गेला. अमेरिकेत त्याला इतकी रूपं फुटली की ‘पारंपरिक पोल्का’ म्हटल्यावर आधी कुठला ते विचारावं लागतं. क्लीव्हलंडचे स्लोव्हेनियन लोक वाजवतात तो ॲकॉर्डियन आणि बँजोवर चालतो. शिकागोच्या पोलिश लोकांचा संथ, मोकळाढाकळा. मिनेसोटातल्या जर्मनांचा ट्यूबाच्या घुमाऱ्यावर. आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पोलिश लोकांचा वेगवान, लिहिलेल्या स्वरलिपीवर वाजणारा, १९३० च्या दशकातल्या नृत्यवाद्यवृंदांच्या वळणाने गेलेला. स्टर या शेवटच्या घराण्याचा. ज्याला आज पूर्वेकडची अस्सल शैली म्हणतात तिच्या अंगातच त्या काळच्या लोकप्रिय अमेरिकन संगीताचं रक्त आहे.

खुद्द स्टर वंशाने आयरिश. त्याच्या गावाभोवतीची जमीन काळीभोर, कांद्याच्या पिकाची. ती कसायला पोलिश आणि जर्मन स्थलांतरित आले, त्यांच्या समारंभांतलं संगीत ऐकत हा आयरिश मुलगा वाढला आणि पुढे अमेरिकन पोल्काचा सर्वांत परिचित चेहरा झाला. रक्तावरून हक्क ठरवायचा म्हटलं तर पाहुण्यांच्या आधी यजमानालाच दाराबाहेर उभं करावं लागेल.

आता कंट्रीचं पाहू. अमेरिकन पोल्काचा सम्राट म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो फ्रँकी यांकोविक, क्लीव्हलंडचा स्लोव्हेनियन. १९४८ मध्ये त्याचं ‘जस्ट बिकॉज’ देशभर गाजलं, दहा लाखांवर प्रती खपल्या. रेकॉर्ड कंपनी हे गाणं घ्यायला फारशी राजी नव्हती. यांकोविक हट्टाला पेटला म्हणून ते ध्वनिमुद्रित झालं. आजही पोल्काच्या कुठल्याही मेळाव्यात हे वाजलं की लोक खुर्च्या सोडून उठतात. हे गाणं स्लोव्हेनियन नाही, पोलिश नाही, झेकही नाही. दक्षिणेतल्या ग्रामीण गोऱ्या गायकांनी, ज्यांना त्या काळी हिलबिली म्हणत, ते १९२९ पासून रेकॉर्डवर गायलेलं होतं. म्हणजे अमेरिकन पोल्काच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एक कंट्रीच्या घरून आलेलं आहे. बिल अँडरसनला बोलावताना स्टरने काही नवा पायंडा पाडला नाही. पन्नास वर्षं जुनी येणी-जाणी चालू ठेवली.

विली नेल्सनची गोष्ट तर याहून बोलकी आहे. टेक्सासमधल्या ॲबट या खेड्यात तो वाढला. शेजारीच वेस्ट नावाचं झेक लोकांचं गाव. दहा वर्षांच्या आसपासचं वय असताना विली पहिल्यांदा पैसे घेऊन वाजवायला बसला तो कंट्री बँडमध्ये नव्हे. रेझेक या बोहेमियन कुटुंबाच्या पोल्का बँडमध्ये. त्या सगळ्या पितळी वाद्यांच्या गजरात त्याची साधी गिटार कुणाला ऐकू जात नसे, पण ताल अंगात भिनायचा तो तिथेच भिनला. पुढे जगाने त्याला कंट्रीचा म्हणून ओळखलं हे खरं. पण १९९६ मध्ये तो पोल्काच्या अल्बमवर गातो तेव्हा कुणी परका माणूस आत घुसला असं कसं म्हणायचं? टेक्सासमध्ये तर कंट्री आणि पोल्का यांच्यातली भिंत कधी पक्की बांधलीच गेली नाही. ॲडॉल्फ हॉफनर हा झेक-जर्मन वंशाचा गायक तिथे वेस्टर्न स्विंग हे जॅझच्या अंगाचं कंट्रीही गात असे आणि झेक भाषेतली गाणीही. ऐकायला येणारे तेच लोक, त्याच हॉलमध्ये.

फ्लाको हिमेनेझपाशी मात्र थांबायला हवं, कारण इथे गोष्ट नुसत्या शेजारधर्माची राहत नाही.

टेक्सासच्या दक्षिणेत आणि रिओ ग्रांदे नदीपलीकडच्या मेक्सिकोत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन आणि झेक लोकांकडून पोल्का, वॉल्ट्झ, शॉटिश आणि रेडोवा हे नाच पोचले, आणि बटणांचा ॲकॉर्डियनही. न्यू ब्राउनफेल्स हे जर्मनांनी १८४५ मध्ये वसवलेलं गाव सॅन अँटोनियोपासून फार दूर नाही. फ्लाकोचे आजोबा पात्रिसियो जर्मनांच्या नाचांना जाऊन त्यांच्या धुना कानांनी टिपून आणत, असं त्या घरात सांगितलं जातं. त्यांचा मुलगा सांतियागो याने १९३६ मध्ये रेकॉर्ड केल्या आणि सॅन अँटोनियोतल्या कोन्हुंतोचा, म्हणजे ॲकॉर्डियनभोवती उभ्या राहिलेल्या टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांच्या संगीताचा, तो एक आधारस्तंभ ठरला. फ्लाको हा त्याचा मुलगा. तीन पिढ्या पोल्का वाजवणाऱ्या घरातला हा माणूस स्टरच्या अल्बमवर ‘पाहुणा’ ठरतो, यातच आपल्या वर्गवाऱ्यांची गफलत दिसते.

पण कोन्हुंतो म्हणजे जर्मन पोल्काची नक्कल नव्हे. त्यात काय घडलं ते ॲकॉर्डियन जवळून पाहिल्याशिवाय समजत नाही. बटणांच्या ॲकॉर्डियनची खोड अशी की एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. त्यामुळे धून वाजवताना भाता सतत आत-बाहेर करावा लागतो आणि त्या हालचालीनेच वाजवण्याला एक उसळी मिळते. उजव्या हाताला धून, डाव्या हाताला खर्ज आणि स्वरमेळाची मोजकी बटणं. जर्मन वादक दोन्ही हात वापरत, डावा हात ‘ऊम-पा, ऊम-पा’ करत राही. मेक्सिकोतल्या रेनोसात जन्मलेला आणि टेक्सासमध्ये वाढलेला नार्सिसो मार्टिनेझ याने डाव्या हाताचं काम जवळपास सोडूनच दिलं. ते काम त्याने सांतियागो अल्मेदा या साथीदाराच्या बाहो सेक्स्तोवर सोपवलं. बाहो सेक्स्तो म्हणजे बारा तारांचं, भरदार खर्जाचं, गिटारच्या जातीचं वाद्य. अल्मेदा आधी खर्जाची तार छेडी आणि लगेच वरच्या तारांवर झपकन हात मारी. ताल असा भक्कम हातात असल्यावर मार्टिनेझची उजव्या हाताची बोटं मोकळी झाली. सूर तुटक, टोकदार, पटापट पडू लागले, लांबवलेल्या सुरांचा तो जडपणा गेला. इथे एक नवं संगीत जन्मलं. ताल बोहेमियाचा, पेटी जर्मनीची, बारा तारा मेक्सिकोच्या आणि ऐकणारे कापसाच्या शेतात राबणारे मजूर.

मार्टिनेझने १९३६ मध्ये ब्लूबर्ड या स्वस्त रेकॉर्डच्या लेबलसाठी वाजवायला सुरुवात केली. त्याच्या पोल्का इतक्या अस्सल होत्या की कंपनीने त्या वेगवेगळ्या समाजांना वेगवेगळ्या नावांनी विकल्या. लुइझियानातल्या केजन, म्हणजे फ्रेंच वळणाच्या लोकांसाठी नाव छापलं ‘लुइझियाना पीट’. पोलिश लोकांसाठी छापलं ‘पोल्स्की क्वार्टेट’. शिकागोच्या किंवा बफेलोच्या एखाद्या पोलिश घरात त्या रेकॉर्डवर लोक नाचले असतील तर ते एका मेक्सिकन शेतमजुराच्या बोटांवर नाचले, आणि त्यांना ते कळण्याची सोयच ठेवली नव्हती.

हे लक्षात घेतलं की शुद्धतेचा युक्तिवाद ढासळतो. पोल्काच्या कानाला मेक्सिकन वादक कधी परका वाटलाच नव्हता. परकं वाटलं असतं ते त्याचं नाव. आणि एवढ्यावर भागत नाही. पोल्का टेक्सासमध्ये सगळ्यांचा होता असं गोड चित्र रंगवणंही खोटं आहे. ज्या काळात मार्टिनेझची धून सगळीकडे जात होती त्या काळात तिथे मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या, आणि कित्येक उपाहारगृहांत, न्हाव्यांच्या दुकानांत आणि नाचाच्या हॉलमध्ये मेक्सिकन माणसाला मज्जाव होता. १९३० च्या मंदीत लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना, त्यांत अमेरिकेत जन्मलेलेही होते, सीमेपलीकडे घालवून दिलं गेलं. धून भिंत ओलांडून जाई, माणूस भिंतीच्या अलीकडेच राही. कोन्हुंतोचा जनक म्हणून आज ज्याचा गौरव होतो त्या मार्टिनेझने हयातभर शेतात मजुरी केली, ट्रक चालवला आणि उतारवयात ब्राउन्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात राखणदारी केली.

म्हणून मला १९९७ चा तो अल्बम महत्त्वाचा वाटतो. पोलिश लोकांच्या कांद्याच्या मळ्यांतून वर आलेल्या वाद्यवृंदाने कोन्हुंतोच्या वारसदाराला बोलावलं, आणि त्याच्या खऱ्या नावाने बोलावलं. साठ वर्षांपूर्वी जो ‘पोल्स्की क्वार्टेट’ होता तो आता फ्लाको हिमेनेझ म्हणून वाजवत होता. यात कुणाची परंपरा बाटली? उलट एक जुनी लबाडी थोडीफार दुरुस्त झाली.

यावर कुणी म्हणेल, मग काहीही कशातही घालावं का? नाही. पाहुण्यांचे अल्बम वाईटही असतात आणि त्यांतले पुष्कळ असतात. वाईट कसा ओळखायचा, याला माझ्याकडे एकच कसोटी आहे: ताल कुणाच्या हाती आहे? पोल्का हे नाचाचं संगीत आहे. बसून ऐकायला ते कितीही गोड असलं तरी त्याचा न्याय लाकडी फरशीवरच होतो. पाहुणा गायक आला म्हणून वाद्यवृंदाने ठेका ढिला केला, ट्रम्पेटांना मागे ढकललं, गाण्याला नॅशविलच्या स्टुडिओतला साखरेचा मुलामा दिला, तर ते गाणं पोल्काच्या हातून गेलं. मग पाहुणा कितीही थोर असो. ठेका यजमानाचा राहिला आणि पाहुण्याने त्यात आपली बोटं, आपला गळा, आपल्या हरकती आणल्या, तर परंपरा एक पाऊल पुढे गेली. फ्लाकोसारखा वादक इथे उपयोगी पडतो, कारण गाण्याच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत, ठेक्याला धक्का न लावता, चार सुरांची गिरकी भरून पुढची ओळ गायकाच्या हातात देणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. लिहिलेल्या स्वरलिपीवर चालणाऱ्या वाद्यवृंदात कानावर विसंबणारा असा एक माणूस बसला की वाद्यवृंदही जरा सैल होतो, श्वास घेतो.

कोन्हुंतोनेही आपला ठेका वेळोवेळी बदलला आहे, पण तो आतल्या माणसांनी, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून. व्हॅलेरियो लाँगोरियाने ड्रम आणले. टोनी दे ला रोसाने १९५० च्या दशकात पोल्काची गती उतरवली, आणि तिच्यावर पाय घासत, झुलत जाणारा ‘ताक्वाचीतो’ नावाचा नाच रूढ झाला. त्याआधीच्या पिढीला ही गती मेलेली वाटली असेल. आज तीच गती अस्सल म्हणून शिकवली जाते.

एकाच घरात हा प्रश्न दोन तऱ्हांनी सुटलेला दिसतो. फ्लाको सगळीकडे गेला. १९७६ मध्ये गिटार-वादक राय कूडरच्या अल्बमवर वाजवलं. १९८८ मध्ये ड्वाइट योकम आणि बक ओवेन्स यांच्या ज्या गाण्याने कंट्रीच्या यादीत पहिला क्रमांक गाठला, त्यातला ॲकॉर्डियन त्याचाच. टेक्सास टॉर्नेडोज या बँडमध्ये डग साहम, फ्रेडी फेंडर आणि ऑगी मेयर्स यांच्या जोडीने वाजवलं. रोलिंग स्टोन्सच्याही एका गाण्यात वाजवलं. त्याचा धाकटा भाऊ, धाकटा सांतियागो, वडिलांच्या शैलीला धरून राहिला: दोन ओळी बटणांचा ॲकॉर्डियन, बाहो सेक्स्तो, आणि विजेच्या बासऐवजी तोलोलोचे हा लाकडी उभा खर्ज. घरच्यांच्या जुन्या धुना, जुन्या पद्धतीने. मला या दोघांत निवड करायला सांगितली तर मी करणार नाही. धाकटा सांतियागो नसता तर फ्लाको कुठून निघाला होता हे दाखवायला कुणी उरलं नसतं. फ्लाको नसता तर जगातल्या बहुतेकांना ते घर आहे हेच कळलं नसतं. परंपरा जपण्याचा मक्ता फक्त घरी राहणाऱ्याकडे असतो, ही समजूत मला मान्य नाही. आणि बाहेर गेलेला तेवढा पुढारलेला, हीसुद्धा नाही.

मराठी वाचकाला हा वाद अनोळखी वाटू नये. ॲकॉर्डियन आणि आपली पेटी एकाच कुळातल्या. भात्याची हवा धातूच्या पट्टीवरून सोडून सूर काढायचा हे दोघींचं तंत्र. पेटी युरोपातून आली, संगीत नाटकांनी तिला मराठी घराघरात नेलं, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. आणि १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दार लावून घेतलं, ते पुढची तीन दशकं. मींड निघत नाही, श्रुती नेमक्या लागत नाहीत, हे संगीतातले आक्षेप खरेच होते. पण त्यांच्या पाठीशी ‘हे वाद्य परकं’ हा निवाडा होताच. त्या काळात गावोगावच्या भजनी मंडळांतली पेटी कुणी बंद केली नाही. ज्यांना तिच्यावर गायचं होतं ते गात राहिले. संस्था काय म्हणते आणि लोक काय वाजवतात यांच्यात एवढं अंतर पडलं की तोटा संस्थेचा होतो, तसा तो आकाशवाणीचाही झाला.

ग्रॅमी देणाऱ्या संस्थेचंही नेमकं हेच झालं आहे, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे.

पोल्कासाठी स्वतंत्र ग्रॅमी १९८६ मध्ये सुरू झालं. पहिलं यांकोविकला मिळालं. २००९ पर्यंत चोवीस वर्षं ते दिलं गेलं आणि त्यांतली अठरा वर्षं ते जिमी स्टरकडे गेलं. कॅनडाच्या वॉल्टर ओस्टानेकला तीनदा, टेक्सासच्या ब्रेव्ह कॉम्बो या बँडला दोनदा. शिकागोच्या एडी ब्लाझोन्चिकला एकदा, तेही १९८७ मध्ये स्टरबरोबर विभागून. आता दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. चोवीसपैकी अठरा हा आकडा निरोगी नाही. स्टर उत्तम वादक आणि त्याहून उत्तम संयोजक आहे, याबद्दल वाद नाही. पण शिकागोच्या शैलीतला ब्लाझोन्चिक, जो तरुणपणी एडी बेल या नावाने रॉक अँड रोल गायला आणि मग तो सगळा जोम पोल्कात घेऊन आला, त्याच्या वाट्याला दुसऱ्यांदा काहीच येऊ नये, याचं कारण फक्त गुणवत्तेत सापडत नाही. मतदान करणारे हजारो सदस्य संगीत व्यवसायातले. त्यांतल्या किती जणांनी पोल्काच्या नाचाला कधी हजेरी लावली असेल? ज्या विभागातलं काही माहीत नसतं तिथे माणूस ओळखीच्या नावाला मत देतो. स्टरचं नाव ओळखीचं होतं, आणि सोबत विली नेल्सन किंवा गायिका ब्रेंडा ली यांचं नाव दिसलं की उरलीसुरली शंकाही मिटे. पाहुण्यांमुळे मतं मिळतात हा आरोप म्हणूनच मला खोटा वाटत नाही.

पण दोष कुणाचा? पाहुणे बोलावणाऱ्याचा नाही, मत देणाऱ्या पद्धतीचा आहे. पोल्का जाणणाऱ्या लोकांची निवड समिती नेमली असती, शिकागो, क्लीव्हलंड, मिलवॉकी, टेक्सास इथले वादक आणि पोल्काच्या रेडिओ कार्यक्रमांचे निवेदक तिच्यात घेतले असते, तर हा प्रश्न सुटला असता. संस्थेने केलं काय? २००९ मध्ये विभागच बंद केला. पुरस्कार आजच्या संगीतविश्वाचं प्रतिनिधित्व करणारे राहावेत, असं कारण दिलं गेलं. प्रवेशिका कमी येत होत्या, तेच तेच लोक जिंकत होते, हे सगळं खरं. पण वर्षानुवर्षं अजाण मतदान चालवायचं, त्यामुळे इतरांचा उत्साह आटू द्यायचा, आणि मग प्रवेशिका कमी आहेत म्हणून खानावळच बंद करायची, हा न्याय झाला नाही.

पुढचा घाव २०११ मध्ये पडला. ग्रॅमीचे १०९ विभाग होते, ते ७८ वर आणले. हवाईयन संगीत, मूळ अमेरिकन लोकांचं संगीत, लुइझियानाचं केजन-झायडेको यांचे वेगवेगळे पुरस्कार काढून सगळ्यांना ‘प्रादेशिक मूळ संगीत’ अशा एकाच विभागात कोंबलं. पोल्कालाही तिथेच जागा. तेव्हापासून २०२५ पर्यंत तो पुरस्कार बहुतेक वेळा लुइझियानाला नाही तर हवाईला गेला. पोल्काला एकदाही नाही. त्याच फेरबदलात तेहानो, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या संगीताचा स्वतंत्र पुरस्कारही गेला आणि ते ‘प्रादेशिक मेक्सिकन’ संगीताबरोबर बांधलं गेलं.

म्हणजे परिस्थिती आज अशी आहे. बोहेमियातून निघालेली धून पोलिश हॉलमध्ये वाजली तर ती हवाईच्या गिटारशी स्पर्धा करणार. तीच धून सॅन अँटोनियोत बाहो सेक्स्तोवर वाजली तर ती मेक्सिकोच्या बँडांशी स्पर्धा करणार. दोन चुलत भावंडांना दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलं आहे आणि दोन्ही खोल्यांवर त्यांचं नाव नाही. स्टर आणि फ्लाको एकत्र येऊन जे सांगत होते त्याच्या हे बरोबर उलट आहे.

या वर्गवाऱ्या काही संगीताच्या आतून आलेल्या नाहीत. १९२० च्या दशकात अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांनी विक्रीसाठी याद्या केल्या: काळ्यांसाठी ‘रेस’ रेकॉर्ड, दक्षिणेतल्या गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’, स्थलांतरितांसाठी ‘फॉरेन’. एका गिऱ्हाइकाला एक मांडणी, दुसऱ्याला दुसरी. मार्टिनेझच्या एकाच पोल्काला दोन नावं का द्यावी लागली त्याचं उत्तर या याद्यांत आहे: एकाच मांडणीवर ठेवली तर ती विकायची कुणाला, हे कंपनीला कळेना. दुकानं बंद पडून जमाना झाला, पण मांडण्या अजून शाबूत आहेत, आणि वादक कुठल्या मांडणीवर बसतो यावरून तो ‘अस्सल’ की ‘पाहुणा’ हे आजही ठरवलं जातं.

याला पर्याय नाही असं नाही. अमेरिकेतच सरकारी पैशाने चालणारी नॅशनल हेरिटेज फेलोशिप १९८२ पासून लोककलावंतांना दिली जाते. तिथे खप मोजत नाहीत, हजारो सदस्यांचं मतदान नाही. त्या त्या परंपरा जाणणारे लोक बसून निवड करतात. १९८३ मध्ये, हयातभर मजुरी केलेल्या नार्सिसो मार्टिनेझला ती मिळाली. २००० मध्ये वडिलांची शैली राखणाऱ्या धाकट्या सांतियागोला. २०२२ मध्ये जगभर पाहुणा म्हणून फिरलेल्या फ्लाकोला. घरी राहिलेला आणि बाहेर गेलेला, दोघांनाही तिने एकाच परंपरेचे वाहक म्हणून मान दिला. निवड जाणकारांच्या हाती असली की ‘पाहुणे बोलावले म्हणून अशुद्ध’ असली भाषा कुणाला वापरावी लागत नाही.

संगीत व्यवसायातल्या पुरस्कारांनी एवढं करायला काय हरकत आहे? पोल्काचा स्वतंत्र विभाग पुन्हा सुरू करावा आणि त्यात कोन्हुंतोला मानाने बसवावं. पाच जाणकार नेमावेत, त्यांतले दोन तरी टेक्सासचे असावेत. अल्बमवर कुणाकुणाची नावं आहेत हे झाकून ठेवून गाणी ऐकावीत. विली नेल्सनचा गळा झाकून ठेवता येणार नाही हे मला समजतं. पण ठेका कुणाचा आहे ते त्या पाच जणांना पहिल्या आठ मात्रांत कळेल. २०२५ च्या जुलैअखेर फ्लाको हिमेनेझ गेला. त्याच्या आजोबांनी जर्मनांच्या हॉलमधून जे उचललं होतं ते त्याने व्याजासकट परत केलं होतं, आणि त्याची पावती ज्या विभागाने दिली असती तो विभाग तोवर बंद होऊन सोळा वर्षं झाली होती.